विचारपूस

बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात कधी गेलात आणि मानसोपचाराच्या ओपीडीसमोरची रांग दिसली, तर जरा थांबा. तुमची एकीशी ओळख करून द्यायची आहे. रांगेतल्या बहुतेकांचं तिच्याकडे लक्ष नसतं. ते महिन्याच्या गोळ्यांसाठी आलेले असतात. चिठ्ठी घ्यायची, औषधाच्या खिडकीशी उभं राहायचं आणि परतीची एसटी गाठायची. ही डॉक्टरांच्या खोलीला लागून कुठेतरी कडेला बसते. दोन खुर्च्या, समोरासमोर नाहीत, जराशा तिरप्या मांडलेल्या, म्हणजे नजर चुकवायची तर चुकवता यावी. टेबलावर एक वही. घड्याळाकडे न बघण्याची जुनी सवय.

तिचं पुस्तकातलं नाव लांबलचक आणि जड आहे: बोधनिक वर्तनोपचार. शिकलेली मंडळी सीबीटी म्हणतात. रांगेतल्या बाया 'काउन्सेलिंग' म्हणतात, नाहीतर 'त्या मॅडम बोलतात ते'. हे शेवटचं तर अगदीच चुकीचं, कारण ती बोलते फार कमी. मी तिला विचारपूस म्हणतो. आजाऱ्याची करतात ती, दुखवट्याच्या घरी करतात ती, दारात आलेल्या अनोळखी पाहुण्याची करतात तीही. ती अनेक दुखण्यांवर काम करते, पण तिचा खरा स्वभाव एकाच ठिकाणी पुरता दिसतो. ज्याच्या कानात कोणी नसताना कोणीतरी बोलतं, अशा माणसासमोर ती बसली की.

असं माणूस घरात निघालं की आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात. 'तुला भास होतात.' 'बाहेरचं आहे.' 'नाटकं बंद कर.' विचारपूस यांतलं एकही देत नाही. ती विचारते, "काय म्हणतो?"

एवढ्यावर समोरचा मान वर करतो. कित्येकांना आवाज येऊ लागून वर्षं झालेली असतात आणि तो काय म्हणतो हे कोणी विचारलेलंच नसतं. मग ती पुढे सरकते. एकच आहे की अनेक? बाईचा की बाप्याचा? ओळखीचा वाटतो? कानातून येतो की डोक्याच्या आतून? दिवेलागणीला येतो की पहाटे? पहिल्यांदा आला तेव्हा घरात काय चाललं होतं? आणि तो आला की तू काय करतोस? सोयरीक जमवायला आलेल्या मावशीने स्थळाची चौकशी करावी, तितकी बारीक चौकशी.

घरचे वैतागतात. आई म्हणते, "मॅडम, रातभर भितीसंगं बोलत रायते हा. त्याले सांगा ना, असं काही नसते म्हून." विचारपूस ते सांगत नाही. या बाबतीत ती कमालीची हट्टी आहे. आवाज खरा की खोटा, हा वाद ती पहिल्या दिवशी तर नाहीच, दहाव्या दिवशीही घालत नाही. ऐकणाऱ्याला तो खरोखर ऐकू येतो, एवढं तिला पुरतं. आणि ते खोटं नाहीच. १९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आवाज ऐकणाऱ्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा आवाज येत असताना बोलणं घडवणारा भाग जागा झालेला दिसला. आपण सगळे मनातल्या मनात बोलत असतो. या माणसाच्या बाबतीत त्या बोलण्यावरचं 'हे माझं' असं नाव पुसलं जातं, आणि आपलाच शब्द परक्याचा होऊन परततो, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. हे ती सांगते, पण योग्य वेळ आली की, आणि हुकूम सोडल्यासारखं कधीच नाही.

तिचा जन्म १९५२ चा, आणि ती जुळी आहे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन त्याचा गुण जाहीर केला. त्याच वर्षी अमेरिकेत ॲरन बेक नावाच्या तरुण डॉक्टराने एका रुग्णाची हकीकत छापली. काही माणसं आपल्यावर पाळत ठेवून आहेत, अशी त्याची पक्की समजूत होती. बेक यांनी नुसतं बोलून, एकेका संशयाची शांतपणे छाननी करून त्याला बरं केलं होतं. एका बहिणीचं म्हणजे गोळीचं नाव जगभर झालं, ती कारखान्यात तयार होऊन तालुक्या-तालुक्याला पोचली. दुसरी मागे पडली. चाळीसएक वर्षं डॉक्टरांना शिकवलं गेलं की रुग्णाशी आवाजाबद्दल फार बोलू नका, बोललात तर भ्रम बळावतो. विचारपूस तेवढी वर्षं गप्प बसून होती. १९९० नंतर ब्रिटनमध्ये तिला पुन्हा कामावर बोलावलं गेलं.

बहिणींत भांडण आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गोळीने बहुतेकांच्या आवाजाचा जोर उतरतो, काहींचा थांबतोच. काहींचा मात्र गोळी चालू असूनही मुक्काम हलत नाही. गोळी सुस्ती आणते, वजन वाढवते, हात थरथरतात. पेरणीच्या दिवसांत ऐन सकाळी डोळे उघडत नाहीत, म्हणून कितीतरी जण ती गुपचूप बंद करतात. डॉक्टर विचारतात, "का नाही घेतली?" विचारपूस विचारते, "घेतली की कसं वाटतं?" दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर येतं. मग डोस रात्रीकडे सरकवता येतो, औषध बदलता येतं. गोळीचं इतकं काम तिच्या बहिणीखेरीज दुसरं कोणी करत नाही.

तिच्या घराण्यातली एक गोष्ट ती अभिमानाने सांगते. हॉलंडमध्ये मास्ट्रिख्टला मारियुस रोमे नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे येणाऱ्या पॅत्सी हागे या बाईने त्यांना अडवलं: न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या देवावर तुमचा विश्वास, मग मला रोज ऐकू येणाऱ्या आवाजांवर का नाही? रोमे खजील झाले नाहीत, विचारात पडले. १९८७ मध्ये दोघं टीव्हीवर गेले आणि प्रेक्षकांना म्हणाले, तुम्हाला आवाज येत असतील तर कळवा. सुमारे ७०० जणांनी कळवलं. त्यांतले ४५० आवाज ऐकणारे होते, आणि त्यांतल्या दीडशे जणांनी सांगितलं की आमचं आवाजाशी बरं चाललंय. डॉक्टरांना धक्का बसला, कारण बरं चाललेली माणसं त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती. त्यानंतर रोमे आणि सांड्रा एशर यांनी या माणसांनाच शिक्षक केलं. विचारपूसच्या वहीतल्या निम्म्या युक्त्या या अनुभवी मंडळींकडून आलेल्या आहेत.

आता तिच्या शेजाऱ्याबद्दल. या जिल्ह्यात ती फार उशिरा आली. तिच्या कितीतरी आधीपासून हे काम सैलानीकडे आहे. पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा तुम्हाला ठाऊक असेलच. होळीच्या यात्रेला लाखो माणसं येतात, हिंदू-मुसलमान दोन्ही, राज्याबाहेरूनही. नारळांची होळी पेटते, अंगावरून उतरवलेले नारळ, लिंबं, बिब्बे, जुने कपडे तीत पडतात, पुढे संदल निघते. वऱ्हाडात, मराठवाड्यात, खानदेशात एखाद्या घरात कोणी एकटंच बोलू लागलं की म्हातारी माणसं आजही म्हणतात, एकदा सैलानीला नेऊन आणा.

विचारपूस सैलानीकडे नाक मुरडून बघत नाही, आणि मला तिचा हा गुण फार आवडतो. शहरातून आलेली तिची काही भावंडं दर्ग्याचं नाव काढताच भुवया चढवतात. ही विचार करते की माणसं तिथे का जातात. तिथे गेलेल्या बाईला कोणी म्हणत नाही की तुला काही ऐकूच येत नाही. घरचे सोबत येतात, मुक्काम करतात, चूल मांडतात. बाजूच्या राहुटीत तसंच दुखणं घेऊन आलेलं दुसरं कुटुंब असतं. आपण एकटे नाही, हे औषध तिथे फुकट मिळतं. आणि आणखी एक गंमत तिने हेरली आहे. हाजरी भरलेल्या बाईला, अंगात आलेल्या पोराला गावोगावचा भगत काय विचारतो? कोण तू? कुठून आलास? काय पाहिजे तुला? म्हणजे तिचेच प्रश्न, तिच्याच क्रमाने!

फरक पुढे पडतो. भगत हे प्रश्न आवाजाला विचारतो, बाईला नाही. बाई नुसती वाट असते, बोलणं तिच्यातून आरपार जातं. उत्तर मिळालं की हुकूम सुटतो, निघ. निघाला नाही तर मार, धुरी, मिरची. विचारपूस तेच प्रश्न बाईला विचारते आणि उत्तर देणारी बाईच राहते. दरबार त्या अदृश्याचा भरत नाही.

साखळी दिसली की मात्र तिचा सगळा समजूतदारपणा संपतो. मग ती साखळी दर्ग्याच्या आसपासच्या झाडाला असो, गोठ्यातल्या खांबाला असो की चांगल्या बांधलेल्या घरातल्या मागच्या खोलीत असो. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ ने कोणत्याही रूपात साखळदंडाला बंदी घातली. हे कलम ती येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सांगते, आवाज जरासा चढवून. एरवी तिचा आवाज चढलेला कोणी ऐकलेला नाही.

तडजोडीचा रस्ता तिला ठाऊक आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' या नावाने तो चालून दाखवला गेला आहे. दर्ग्याच्या मुजावरांना प्रशिक्षण दिलं, त्यांनीच भाविकांना सांगायचं की दुआ इथे घ्या आणि त्या खोलीतल्या डॉक्टरलाही भेटा. मुजावराच्या तोंडून आलेलं ते वाक्य सरकारच्या शंभर फलकांना भारी पडतं. सैलानीच्या परिसरात तिला अशी एक कायमची खोली हवी आहे. मलाही हवी आहे.

तिची वही बघण्यासारखी असते. वहीचा तिला गर्व आहे, हे मान्यच केलं पाहिजे. ती प्रत्येकाला एक शंभर पानी वही घ्यायला लावते आणि मग शाळामास्तरणीसारखी दर वेळी तपासते. तारीख, वेळ, आवाज काय म्हणाला, मी काय केलं, पुढे काय झालं. लिहिता येत नसेल तर धाकट्या भावाकडून लिहून घ्यायचं, नाहीतर नुसत्या रेघा ओढायच्या.

वहीचं काम कसं चालतं ते सांगतो. समजा एखाद्या पोराला आवाज सांगतो, तू शेतात गेलास तर तुझ्या बापाला साप चावेल. पोरगा सहा महिने घराबाहेर पडत नाही. गाव म्हणतं, आळशी आहे. तो तर बापाचा जीव वाचवत असतो! विचारपूस त्याला 'असं काही होत नाही' म्हणत नाही. ती विचारते, असं तो किती वेळा म्हणाला? त्यांतलं किती वेळा झालं? या जिल्ह्याला भाकितं नवीन नाहीत. भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पाऊस-पिकाचं भाकीत ऐकायला गर्दी लोटते. भाकिताचा स्वभाव असा की खरं ठरलेलं एक दहा वर्षं लक्षात राहतं आणि चुकलेली आठवड्यात विरून जातात. आवाजाचंही तेच. म्हणून वही. मग एक दिवस ठरतं, शेतात नको, धुऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. वहीत ओळ येते: धुऱ्यावर गेलो, बाप ठीक आहे. पुढच्या आठवड्यात धुऱ्यावर अर्धा तास बसायचं.

१९९४ मध्ये चॅडविक आणि बर्चवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की माणसाचा छळ किती होतो हे आवाज काय बोलतो यापेक्षा तो किती बलवान आहे असं त्या माणसाला वाटतं, यावर ठरतं. हे विचारपूसने पक्कं धरून ठेवलं आहे. आवाज गेला पाहिजे असा तिचा आग्रह नसतो. त्याचा दरारा गेला पाहिजे. आवाज हा गावातल्या दांडगटासारखा असतो: मोठं बोलतो, सगळं कळतं असा आव आणतो, धमक्या देतो, आणि कोणी शांतपणे 'बरं, करून दाखव' म्हटलं की विषय बदलतो.

तिच्या बारीकसारीक युक्त्या ऐकून हसू येईल, पण त्या चालतात. आवाजाला वेळ ठरवून द्यायची: दिवसभर कामात आहे, संध्याकाळी सात ते सव्वासात तुझं ऐकीन. कापूस वेचताना गुणगुणायचं किंवा मोठ्याने मोजायचं, कारण ओठ आणि जीभ दुसऱ्या शब्दांत गुंतली की आतल्या बोलण्याला जागा कमी मिळते. आणि एसटी स्टँडवर आवाजाला उत्तर द्यावंसंच वाटलं तर मोबाइल कानाला लावायचा आणि खुशाल बोलायचं. चिखलीच्या स्टँडवर मोबाइलवर तावातावाने बोलणाऱ्या माणसाकडे कोण वळून बघतं?

एका ठिकाणी ती मुळीच खेळत नाही. आवाज विहिरीकडे जा म्हणत असेल, फवारणीच्या औषधाकडे बोट दाखवत असेल, कोणाला मारायला सांगत असेल, तर वही मिटते. ती सरळ विचारते: जीव द्यावासा वाटतो का? किती दिवसांपासून? घरात काय ठेवलं आहे? विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत तिने कधीच फेकून दिली आहे. औषधाचा डबा दुसऱ्याच्या घरी जातो, डॉक्टर त्याच दिवशी बघतात, पोराला एकटं ठेवत नाहीत, आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर घरच्यांच्या फोनमध्ये उतरवला जातो. तो रात्री-अपरात्रीही लागतो.

तिच्यातले दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर तुम्ही फार अपेक्षा घेऊन जाल. पहिला दोष भाषेचा. ती शहरात शिकली, म्हणून पुस्तकी बोलते. 'तुम्हाला श्रवणभ्रम होतात का?' असं तिने विचारलं की समोरचा नम्रपणे 'नाही' म्हणतो, आणि कागदावर 'नाही' लागतं. 'कानात कोनी बोलून रायलं का? नाव घेऊन हाक मारते का?' असं विचारलं की धरण फुटतं. शिवाय हा जिल्हा एका भाषेचा नाही. घाटाखाली खामगाव-शेगावकडे वऱ्हाडी, मलकापूरकडे खानदेशाचा हेल, घाटावर सिंदखेड राजा-लोणारकडे मराठवाड्याचा. 'लागीर', 'झपाटलं', 'हवा लागली', 'डोकं फिरलं', प्रत्येक शब्दाच्या पोटात वेगळी कथा आहे. ती हे शब्द आता शिकते आहे. विद्यार्थिनी म्हणून ती चांगली आहे.

दुसरा दोष म्हणजे तिची गती, आणि हा खरोखर गंभीर आहे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत तिच्यासाठी कमीत कमी १६ बैठकी सांगितल्या आहेत. संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावातून बुलढाण्याला यायचं म्हणजे दिवस जातो. सोबत आई किंवा भाऊ. म्हणजे १६ बैठकी नव्हेत, ३२ मजुऱ्या, आणि तिकिटं वेगळी. सोयाबीन काढणीच्या दिवसांत ही मागणी कोणाकडे करायची? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं की तीव्र मनोविकार असलेल्या दर चारांपैकी तिघं उपचारांबाहेर आहेत. शिवाय देशात लाख माणसांमागे मानसोपचारतज्ज्ञ एकही पुरता नाही, पाऊणच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. विदर्भाचं मोठं मनोरुग्णालय नागपूरला, तीनशेहून अधिक किलोमीटरवर. अशा हिशेबात माणसामागे तासभर वेळ मागणारी बाई चैनीची वाटते. मला ती तशी वाटत नाही. हप्त्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची खुर्ची मांडली, आशाताईंना आणि नर्सबाईंना तिचे पहिले दहा प्रश्न शिकवले, तर ती चालत दारापर्यंत येते. तिला यंत्र लागत नाही, शेड लागत नाही. वेळ देऊ शकणारं माणूस लागतं.

आणि ती जादूगार नाही. अभ्यासांत तिचा गुण मध्यम दिसतो, कधी त्याहून कमी. लंडनमध्ये तिच्या एका नव्या बहिणीची चाचणी झाली. त्या पद्धतीत आवाजाचा चेहरा संगणकावर उभा करतात आणि रुग्ण त्याच्याशी बोलतो, त्याला थोपवायला शिकतो. १५० रुग्ण होते, निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. १२ आठवड्यांनी हा गट साध्या आधार-समुपदेशनाच्या गटापेक्षा बराच पुढे होता. २४ आठवड्यांनी साधा गटही जवळपास तिथेच येऊन पोचला होता. संगणक बघून दिपलेली माणसं हा दुसरा आकडा सांगायला विसरतात. विचारपूस तो आवर्जून सांगते. नुसतं नियमाने भेटणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या माणसाने केवढी मजल मारली, हे तिला त्यात दिसतं.

तान्या लुहरमन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं काम तिला फार जवळचं वाटतं. त्यांनी कॅलिफोर्नियातलं सॅन मातेओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई, अशा तीन ठिकाणी प्रत्येकी २० आवाज ऐकणाऱ्यांशी बोलून घेतलं. कॅलिफोर्नियात आवाज बहुतेक अनोळखी आणि हिंसक. अक्रात अनेकांना देव बोलत होता. चेन्नईत निम्म्याहून अधिकांना नातेवाइकांचे आवाज येत होते, आणि ते कामं सांगत होते: आंघोळ कर, स्वयंपाकाला लाग, जेवून घे. विचारपूसला यात आपल्याकडची घरं दिसतात. डोक्यातल्या सासूनेही 'उठ, पाणी भर' म्हणावं आणि सुनेने खरंच उठून पाणी भरावं, मग दिवस मार्गी लागावा. असला आवाज हाकलून लावायची तिला घाई नसते. रागावणारी आत्या किंवा काका असेल तर ती त्यांच्याशी बोलणं वाढवायला शिकवते. नात्यातल्या माणसाला समजावता येतं, अनोळख्याला कसं समजावणार?

आणि काही आवाजांपुढे ती वहीसुद्धा उघडत नाही. पश्चिम विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती घरं मोडली, तुम्हाला सांगायला नको. अशा घरातली बाई कधी खाली मान घालून सांगते की संध्याकाळी बैल बांधायच्या वेळेला 'त्यांचा' आवाज येतो, नाव घेऊन हाक मारतात. तिला वाटत असतं आपल्याला वेड लागतंय. १९७१ मध्ये वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं. जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार कुठल्या ना कुठल्या रूपात जाणवत होता. आठांतल्या एकाला त्याचा आवाज ऐकू येत होता. बहुतेकांनी ते कोणाला सांगितलंच नव्हतं. विचारपूस त्या बाईला हे सांगते, कागदावर आजाराचं नाव लिहीत नाही, आणि विचारते, "काय म्हणतात ते?" मग बाई रडते. तिला रडू द्यायचं एवढंच तेव्हा काम असतं, आणि ती ते करते.

तिची माणसं महाराष्ट्रात विखुरलेली आहेत. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले दिवंगत डॉ. जगन्नाथ वाणी त्यांतले थोर. घरातच स्किझोफ्रेनिया पाहिलेल्या या माणसाने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'मागेही ते होते. २००४ च्या त्या चित्रपटात अतुल कुलकर्णींचा शेष ज्यांनी पाहिला, त्यांना आवाज ऐकणारा माणूस आपल्या घरातला वाटू लागला. आणि इथे जिल्ह्यातच, चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला, पालवे दांपत्याचं सेवासंकल्प प्रतिष्ठान आहे. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्णांना तिथे आसरा मिळतो. विचारपूसची पहिली पायरी तिथे खुर्चीवर बसून होत नाही. आंघोळ, जटा कापणं, धुतलेले कपडे, ताट, आणि मग, "दादा, नाव काय तुमचं?" वर्षानुवर्षं ज्याला फक्त आवाजांनीच हाक मारली, त्याला एका माणसाने मारलेली ती हाक असते.

तुम्ही तिला भेटायला गेलात तर एखाद्या बैठकीला बाहेरच्या बाकावर थांबावं लागेल. दार पुरतं लागत नाही म्हणून कधी दोन शब्द कानावर येतात. धुऱ्यापर्यंत जाणारा तो पोरगा असतो आत. वही उघडलेली. सोमवार, सकाळ-संध्याकाळ, दोन ओळी. मंगळवार, चार ओळी, त्यांतली एक खोडलेली. बुधवारचं पान कोरं. दुसऱ्या कोणी ते उलटून पुढे गेलं असतं. ही नेमकी तिथे बोट ठेवून थांबते.

"बुधवारी काय झालं?"

"काही नाही. मळणी होती. यंत्राच्या आवाजात काही आयकूच नाही आलं."

"आणि रात्री?"

पोरगा विचार करतो. आई दारातून काही सांगायला जाते, तिला हातानेच थांबवलं जातं.

"रात्री थकलो होतो. बापानं सांगितलं, उद्या तूच ये मळणीवर." जरा थांबून, "तो खराच बापाचा आवाज होता, मॅडम. समोर बसून बोलला."

"हे लिही," ती म्हणते, आणि पेन त्याच्याकडे सरकवते.